आमची कातडी म्हणजे कोरं कापड नव्हे

मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला ब्लीचिंग खात्यात आहे. आम्ही त्याला गिरणीच म्हणतो. कोरं कापड कॉस्टिकात उकळायचं, पेरॉक्साइडनं पांढरं करायचं. मात्रा चुकली की कापडाचा जीव जातो, जरा ताणलं तरी फाटतं. हे मला पुस्तकानं नाही, हातांनी शिकवलं.

म्हणून धाकटीचा गाल बघितला तेव्हाच मला कळलं. मात्रा चुकली.

तिला बघायला पाहुणे येणार होते. एका पार्लरात तिच्या तोंडाला 'पील' लावलं. पील म्हणजे सोलणं. ॲसिडानं वरची कातडी सोलायची, खालून नवी येते म्हणे. 'जळतंय' म्हणाली, तर 'सोस थोडं, गोरी होशील'. आज गालावर डाग आहे, आधीपेक्षा काळा. 'दादा, जाईल ना रे हे?'

डॉक्टर म्हणाले, सावळ्या कातडीला इजा झाली की ती जास्तच रंग सोडते. म्हणून ॲसिड सौम्य पाहिजे, वेळ मोजून पाहिजे, नंतर ऊन टाळलं पाहिजे. मुरमांच्या डागावर हा उपचार आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण 'गोरी होशील'शी आहे.

त्यातलं ग्लायकोलिक ॲसिड उसातही असतं. ऊस तोडताना उन्हात रापते ती आमची बाई. आणि तेच ॲसिड बाटलीतून विकत घेऊन तोंड सोलायचं तेही आमच्याच पोरीनं!

१९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. २०२० साली अमेरिकेतले काळे रस्त्यावर उतरले, जगभर बोंब झाली, तेव्हा कंपनीनं 'फेअर' पुसून 'ग्लो' लिहिलं. पाटी बदलली. गिऱ्हाईक तेच राहिलं.

पण मित्रांनो, कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पाहुणे कोण होते? जयभीमवाले. पोरगा मोर्चात पुढं, गळ्यात निळा रुमाल. आणि निरोप काय, तर 'मुलगी उजळ पाहिजे'. मनुस्मृती जाळल्याच्या गोष्टी सांगायच्या आणि बायको शोधताना रंगाची उतरंड लावायची? च्यायला, ही कसली क्रांती?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच नीटनेटकं राहा म्हणून सांगितलं. सांगितलं. १९२७ साली महाडला त्यांनी आयाबायांना लुगडं नेसायची रीत बदला, अंगावरचे ते दागिने टाका म्हणून सांगितलं. कारण त्यावरनं जात ओळखू यायची. ती खूण दुसऱ्यांनी लादलेली होती. कातडी कुणी लादली नाही. ती आईनं दिली.

पाहुण्यांनी नकार कळवला. बरं झालं. पण धाकटी अजून आरशात बघत नाही, त्याचं काय?

पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे. ज्यानं ज्यानं लग्नाच्या बायोडाट्यात 'गोरी पाहिजे' लिहिलंय, त्यानं हात वर करावा. आणि तिथंच, सगळ्यांदेखत, ती ओळ खोडावी. हात वर करायची लाज वाटली, तर निदान निळा रुमाल खिशात घालावा.

जयभीम.