‘मुस्लिम सोशल’ हा कॉलेजातला पेपर का असू नये?

मुसलमानांविषयीचा एखादा सिनेमा आला की पुढे काय होतं, हे आता आपल्याला पाठ झालं आहे. ट्रेलर येतो. त्यातली दोन वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. कुणी बंदीची मागणी करतं, कुणी कोर्टात जातं. चॅनेलवर एक मौलाना आणि एक प्रवक्ता समोरासमोर बसवले जातात. काही आठवड्यांनी सिनेमा ओटीटीवर जातो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. या गदारोळात एक माणूस सहसा दिसत नाही. पडद्यावरचा मुसलमान गेल्या ऐंशी वर्षांत कसा बदलत गेला, याचा शिस्तीत अभ्यास केलेला आणि ते मराठीत समजावून सांगू शकणारा माणूस.

तो दिसत नाही, कारण असा माणूस घडवण्याची फारशी सोयच आपण केलेली नाही. सिनेमा कॉलेजात शिकवला जात नाही असं नाही. मास मीडियाच्या अभ्यासक्रमात त्याचा पेपर असतो. पण त्यात बहुतेक वेळा एका सत्रात अख्ख्या जगाची सफर उरकली जाते. १८९५चे ल्युमिए बंधू, १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’, १९३१चा ‘आलम आरा’, मग इटालियन नववास्तववाद, मग सत्यजित राय, मग समांतर सिनेमा. पोरं नोट्स पाठ करतात, पाच मार्कांच्या टिपा लिहितात आणि मोकळी होतात. नावं लक्षात राहतात, पण सिनेमा वाचायचा कसा हे कळत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. एक सत्र, एकच विषय आणि सात-आठ सिनेमे. विषय जितका अरुंद, तितकं खोल जाता येईल. उदाहरणादाखल ‘मुस्लिम सोशल’ घेऊ.

मुस्लिम कुटुंबाच्या घरात घडणाऱ्या सामाजिक कथांना हिंदी सिनेमाच्या व्यवसायात हे नाव पडलं. मेहबूब खान यांचे ‘नजमा’ (१९४३) आणि ‘ऐलान’ (१९४७) या वळणाचे. नवं शिक्षण, नवे पेशे आणि जुनी खानदानी रीत यांची ओढाताण त्यांत आहे. पुढे ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे मेहबूब’ (१९६३) येतात. तिथे लखनौची तहजीब, शेरवानी, मुशायरा, चिलमनीआडची नजर हेच मुख्य होऊन बसतं. आता विद्यार्थ्यापुढे प्रश्न ठेवा. फाळणी झाली, पन्नासच्या दशकात जमीनदारी गेली, मग नवाबाची हवेली पडद्यावर सर्वांत देखणी नेमकी त्यानंतरच का झाली? हरवलेल्या दुनियेचं ते दुःख होतं, की पाहणाऱ्याला सोयीचा वाटणारा मुसलमान होता? की नुसता तिकीटबारीचा हिशेब? याचं उत्तर गाइडमध्ये मिळत नाही. त्यासाठी सिनेमे पुन्हा पुन्हा पाहावे लागतात आणि इतिहासाचं पुस्तकही उघडावं लागतं.

दुसरा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. या नवाबी घरांत भिवंडीचा लूम कामगार कुठे आहे? कोकणातला दर्यावर्दी, मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी, दख्खनी आणि मराठी बोलणारी आपली आई कुठे आहे? उत्तरेतल्या एका वर्गाचं घर हेच साऱ्या देशातल्या मुसलमानांचं घर म्हणून दाखवलं गेलं. ते इतकं ठसलं की महाराष्ट्रातल्या मुसलमानाला आजही विचारलं जातं, ‘अरे, तुम्ही मराठी किती छान बोलता!’ या कौतुकामागे सिनेमाचा वाटा किती, हा संशोधनाचा चांगला विषय आहे.

एकच सिनेमा नीट पाहिला तर तो कुठवर नेतो, यासाठी एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ पाहा. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदी यांचं लेखन. आग्र्याचे चपलाबुटांचे कारखानदार सलीम मिर्झा फाळणीनंतर इथेच राहतात. हवेली मात्र पाकिस्तानात गेलेल्या भावाच्या नावावर आहे, त्यामुळे ती हातची जाते. म्हातारी आई घर सोडायला तयार नसते. शेवटच्या घटकेला तिला डोलीतून त्याच हवेलीत आणतात. हा प्रसंग पाहून डोळे ओले होतात आणि बहुतेकांचं पाहणं तिथेच थांबतं. कॉलेजचा वर्ग तिथून सुरू व्हायला हवा. स्थलांतरितांच्या मालमत्तेविषयीचा १९५०चा कायदा काय होता? ‘कस्टोडियन’ म्हणजे कोण? मिर्झांना कर्ज द्यायला सावकार आणि बँक का कचरतात? आग्र्याच्या जोड्यांच्या धंद्याचं पुढे काय झालं? मिर्झांची भूमिका करणारे बलराज साहनी स्वतः रावळपिंडीहून उखडून आलेले, याचा अभिनयाशी काही संबंध लावता येतो का? या एका सिनेमावर महिना घालवला तर फाळणी, कायदा, अर्थकारण आणि अभिनय असे चार विषय एकदम उलगडतात.

मराठी वाचकाला आणखी जवळचा विषय हवा असेल तर तो पुण्यात आहे. १९४१ साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली एकच कथा दोन भाषांत केली, मराठीत ‘शेजारी’ आणि हिंदीत ‘पडोसी’. एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जिवाभावाचे शेजारी. धरण बांधायला आलेल्या कंपनीच्या स्वार्थापायी त्यांच्यात फूट पडते. पाकिस्तानची मागणी करणारा लाहोर ठराव १९४० सालचा, त्याच्या पुढच्याच वर्षीचा हा सिनेमा. ‘पडोसी’त हिंदू शेजारी मजहर खान यांनी रंगवला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार यांनी. ‘शेजारी’त जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या तर मराठी गावातला मिर्झा आणि हिंदीतला मिर्झा वेगळा बोलतो का, वेगळा वागतो का, हे तपासता येईल. हे काम मराठी आणि उर्दू दोन्ही कानांत असलेला विद्यार्थी जितकं बारकाईने करेल, तितकं दुसरा क्वचितच कुणी करेल. प्रभातच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. जवळच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते आता एनएफडीसीच्या छत्राखाली गेलं आहे. मराठवाड्यातली आपली किती तरी पोरं एमपीएससीसाठी पुण्यात चार-चार वर्षं काढतात. त्यांतल्या कितींना हा पत्ता माहीत असतो?

आणि मालेगाव? २००० साली शेख नासिर यांनी यंत्रमागाच्या गावात व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. लूमवर काम करणारी माणसं नट झाली. शुक्रवारी लूम बंद, म्हणून त्या दिवशी थिएटर तुडुंब. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२४ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. मालेगाव टोरंटोला पोहोचलं ही आनंदाचीच गोष्ट. पण तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या सिनेमांची यादी करायला हवी, जुन्या कॅसेट कुणाच्या माळ्यावर पडून आहेत ते शोधायला हवं, त्या नटांच्या मुलाखती नोंदवून ठेवायला हव्यात. व्हिडिओ टेपला बुरशी लागते आणि माणसं म्हातारी होतात. हे काम दहा वर्षांनी करू म्हटलं तर होणार नाही.

हरवणं काय असतं ते आपल्याला माहीत आहे. देशातल्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या महिला दिग्दर्शक मानल्या जाणाऱ्या फातमा बेगम यांचा १९२६चा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ही गेला. आज त्यांच्याविषयी जे समजतं ते जाहिराती, फोटो, वर्तमानपत्रं यांवरून. त्या काळच्या सिनेमाविषयीचं बरंच छापील साहित्य उर्दूत आहे. आपल्या घरांतून उर्दू लिपी वाचणारी पिढी कमी होत चालली आहे. जी मुलं आज उर्दू वाचतात आणि मराठीत लिहितात, त्यांच्या हातात मोठं हत्यार आहे. ते वापरायला त्यांना कुणी सांगत नाही.

आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला नोकरीचा. इतिहास, मराठी, उर्दू किंवा समाजशास्त्रात बी.ए. करणाऱ्याने एक पेपर असा घेतला तर त्याची पदवी वाया जात नाही. उलट बारकाईने पाहणं, पुरावा शोधणं आणि नेमकं लिहिणं हे पत्रकारितेला, वकिलीला, शिक्षकीला आणि स्पर्धा परीक्षेलाही लागतं. दुसरा आक्षेप दीनदार मंडळींचा. सिनेमा पाहू नये असं ज्यांचं मत आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे आणि पोरं तो पाहतातच. समोरचं दृश्य आपल्याला काय पटवू पाहतंय हे ओळखण्याची नजर त्यांना द्यायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरी सूचना माझीच आहे. हा पेपर तक्रारवही होता कामा नये. ‘आपल्याला वाईट दाखवलं’ एवढंच शोधायचं असेल तर त्यासाठी समाजमाध्यमं पुरेशी आहेत. बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ १९८२चा, म्हणजे शाहबानो निकालाच्या तीन वर्षं आधीचा. राजन खान यांच्या कथेवरचा मराठी ‘हलाल’ अलीकडचा. तलाकचा आणि बाईच्या हक्काचा प्रश्न हे सिनेमे मांडतात. कुठे खरं बोलतात, कुठे ढोबळ होतात, हे आपल्या मुलींनी वर्गात उभं राहून सांगितलं पाहिजे. आणि त्या वर्गात जोशी, कांबळे, पाटीलही हवेत. फक्त मुसलमानांनी मुसलमानांविषयी शिकायचं असेल तर त्यातून फार काही निघणार नाही.

याला मोठा निधी लागत नाही. एक प्रोजेक्टर, आठवड्यातले तीन तास, इतिहासाचा एक शिक्षक आणि भाषेचा एक. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबाहेरचे पर्यायी पेपर आहेत, चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचीही सोय आहे. राज्यात मुस्लिम शिक्षणसंस्थांची कॉलेजं मुंबई, पुणे, औरंगाबाद, मालेगाव अशी सगळीकडे आहेत. त्यांपैकी एकाने येत्या जूनमध्ये वीस विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू करावा. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने एका सिनेमावर किंवा आपल्या गावातल्या एका थिएटरवर वीस पानं मराठीत लिहावीत. पाच वर्षांत शंभर निबंध जमतील. पुढचा वादग्रस्त ट्रेलर येईल तेव्हा निदान चॅनेलवर बोलावण्याजोगी चार नावं आपल्याकडे असतील.