सूट छापील किमतीवर मोजू नका
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली



२३ सप्टेंबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांचे वर्षातले सर्वांत मोठे सेल एकाच दिवशी सुरू झाले, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात अजून शेतात उभे होते. कापणी दसऱ्याच्या पुढे, मग झोडणी, मग आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर भात घालायचे आणि खात्यात पैसे कधी येतात याची वाट बघायची. सेलच्या तारखा या भागाच्या हंगामाशी जुळत नाहीत. तरीही इथला ग्राहक सेलसाठी थांबतो, कारण त्याच्या हिशेबात शे-दोनशे रुपयेसुद्धा मोजावे लागतात.

तो थांबतो तो नेहमी टीव्ही-मोबाइलसाठीच असे नाही. आसनगाव स्टेशनबाहेर, किन्हवलीत, मुरबाडच्या बाजारपेठेत, सरळगाव-टोकावड्याच्या नाक्यांवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकाने आहेत. सातबारा, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, पीकविमा ही त्यांची बारमाही कामे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा गावाकडची मुलेही या रांगेत आली. सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. अशा कामाला बहुधा शहरातल्या एखाद्या ऑफिसने काढून टाकलेला, ४ जीबी रॅमचा संगणक असतो. ब्राउझरच्या चार खिडक्या आणि एक पीडीएफ उघडली की रॅम भरते. मग विंडोज उरलेला मजकूर डिस्कवर टाकू लागते, आणि डिस्क जुनी फिरती असेल तर यंत्र गोगलगाय होते. यावरचा सोपा उपाय म्हणजे आणखी ४ किंवा ८ जीबी रॅम टाकून घेणे.

२०२५च्या मध्यापर्यंत हा उपाय खरोखर स्वस्त होता. डीडीआर४ जातीची ८ जीबीची स्टिक साधारण दीड-दोन हजारांत मिळे. साध्या भाताचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे एका क्विंटलात रॅम येऊन वर थोडे उरत होते. त्या वर्षाच्या अखेरीस हे गणित पार मोडले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात, आणि तिघींनाही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जास्त पैसे देऊ केले. तिथे लागणाऱ्या एचबीएम मेमरीला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. १ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि हायनिक्सशी इरादापत्रे केली, त्यात महिन्याला ९ लाख सिलिकॉन वेफरपर्यंतचा आकडा होता. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. डीडीआर४चे उत्पादन आवरते घेण्याचे तिघींचे आधीच ठरले होते. वर्ष संपता संपता अनेक स्टिकची किंमत दुपटीच्या वर गेली.

यात विक्रेत्यांचा किंवा प्राधिकरणाचा दोष नाही. कांदा चढतो तशी मेमरीही चढते आणि उतरते; तो धंदाच तसा आहे. तक्रार आहे ती भाव चढत असताना सेलची पाटी काय सांगते याबद्दल.

समजा, एका स्टिकवर छापील किंमत ६,००० रुपये आहे. जुलैत ती कुठल्याही सेलविना १,७०० रुपयांना विकली जात होती. जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सेलमध्ये, ती ३,६०० रुपयांना आहे आणि वर लाल अक्षरांत लिहिले आहे ‘४० टक्के सूट’. गणित चोख आहे, एकही आकडा खोटा नाही. तरी मुरबाडच्या ग्राहकाने जुलैच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन ‘बचत’ केली. २०११च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी एमआरपी छापायला लावली ती दुकानदाराने त्याहून जास्त घेऊ नये म्हणून. ती कमाल मर्यादा आहे. सेलमध्ये तिलाच ‘आधीची किंमत’ करून टाकले जाते, आणि ती किती छापायची ते आयातदार किंवा उत्पादकच ठरवतो. रॅमसारख्या वस्तूवर त्या भावाने कोणी कधी खरेदी केलेली नसते.

युरोपीय संघाने हे कोडे एका ओळीत सोडवले. २८ मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना त्याआधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आल्डी या जर्मन दुकानसाखळीने ती किंमत बारीक अक्षरांत छापली आणि टक्केवारी मात्र दुसऱ्याच किमतीवर काढली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, टक्केवारीही त्या किमान किमतीवरच काढली पाहिजे. असा नियम इथे असता तरी रॅम एक रुपयानेही स्वस्त झाली नसती. ‘आत्ता भाव चढलेला आहे, अडत नसेल तर थांब’ एवढे मात्र किन्हवलीच्या दुकानदाराला सेलच्या पानावरच कळले असते. आज त्यासाठी किमतीचा इतिहास दाखवणारी वेगळी संकेतस्थळे धुंडाळावी लागतात.

प्राधिकरणाने काही केले नाही असे मुळीच नाही. ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्या नावानिशी दिल्या आहेत. खोटी घाई आणि शेवटच्या पानावर वाढणारी किंमत या दोन्ही त्यात आहेत. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला सांगितले गेले, आणि नोव्हेंबरात २६ मोठ्या मंचांनी आपण या युक्त्यांपासून मुक्त असल्याचे लिहून दिले. परीक्षार्थ्याने स्वतःचाच पेपर तपासल्यावर निकाल यापेक्षा वेगळा कसा लागणार? शिवाय त्या १३ मध्ये फुगवलेल्या मूळ किमतीला स्वतःचे वेगळे कलम नाही.

शेवटच्या पानावर वाढणाऱ्या किमतीचा काच इथे जास्त बसतो. सेलच्या जाहिरातीतली सर्वांत कमी किंमत अनेकदा ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची असते, तीही किमान खरेदीची अट पाळली तर. जिल्हा मध्यवर्ती बँकेत खाते आणि खिशात रुपे डेबिट कार्ड असलेल्याला ती किंमत कधीच लागू होत नाही. तो घरपोच आल्यावर रोख देतो म्हटले, तर हाताळणी शुल्क. याच वसुलीच्या तक्रारींवरून ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी चौकशी सुरू झाल्याचे सांगितले होते. ‘मग ऑनलाइनच पैसे द्या की’ असे म्हणणाऱ्यांनी धसई आठवावे. मुरबाड तालुक्यातल्या या गावाला १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून मिरवले गेले, दुकानादुकानांत कार्डयंत्रे आली. पुढे तिथले व्यवहार बऱ्याच अंशी रोखीवर परतल्याच्या बातम्याही आल्या. रोख पैसे देणे हा गुन्हा नव्हे आणि हौसही नव्हे.

आणखी एक गोष्ट सेलची पाटी सांगत नाही: ही रॅम कुठल्या यंत्रात बसेल. डीडीआर३च्या खोबणीत डीडीआर४ जात नाही, लॅपटॉपची स्टिक डेस्कटॉपमध्ये चालत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असल्याने वाढवताच येत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित सेवा संपली. रॅम टाकली की विंडोज ११ चालेल अशी समजूत तेव्हा सर्रास होती. पण विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर मागते. जुन्या यंत्रात १६ जीबी टाकूनही त्याची अट पुरी होत नाही. चुकीची स्टिक आली तर परत पाठवण्याची कटकट, नाहीतर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. आसनगावहून तिथे जायला लोकलने दोन तास आणि वर एक गाडी बदलायची. मुरबाडला रेल्वेच नाही, आधी कल्याणपर्यंत एसटी. दुकान त्या दिवशी बंद राहते ते निराळेच.

तक्रार करायला १९१५ हा क्रमांक आहे, ई-जागृती आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. पण आठशे-हजार रुपये जास्त गेले म्हणून ठाण्याच्या आयोगात खटला कोण लढवील? अशा लहान लहान तोट्यांची बेरीज करून सर्वांच्या वतीने उभे राहता यावे म्हणूनच २०१९च्या कायद्याने हे प्राधिकरण निर्माण केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्याला आहे.

तेव्हा मागणी अशी. सेलमधली प्रत्येक टक्केवारी आधीच्या ३० दिवसांतल्या सर्वांत कमी प्रत्यक्ष विक्रीकिमतीवर काढली जावी आणि ती किंमत तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दिसावी. जाहिरातीत जी किंमत ठळक असेल, ती कुठल्याही कार्डाविना, रोख देणाऱ्यालाही मिळणारी असावी. छापील किमतीवरून सूट सांगणे ही १४वी युक्ती म्हणून यादीत घालावी. आणि हे सगळे येत्या दसऱ्याचे सेल लागण्याच्या आत व्हावे, म्हणजे भात शेतात असतानाच दुकानदाराला ठरवता येईल, रॅम आता घ्यायची की महामंडळाचे पैसे आल्यावर.

कळावे,
शहापूर-मुरबाडच्या ग्राहकांच्या वतीने