भीती उसाच्या फडातली

गेल्या अंकात एका वाचकाने ‘लपाछपी’ला ‘नुसता आवाजाचा दणका’ म्हटलं आहे. पार्श्वसंगीत एक-दोनदा अंगावर येतं, हे मान्य. पण विशाल फुरिया यांच्या २०१७ च्या या चित्रपटाची भीती अंधारावर बेतलेली नाही. ती भर उन्हात, माणसापेक्षा उंच उसात उभी असते. चारी बाजूंना सारखंच हिरवं, वाट सापडेना! आणि उषा नाईक यांची तुळसाबाई? गरोदर पोरीची उठबस मायेने करते आणि त्या मायेनेच काटा येतो. त्या पोरीच्या भूमिकेतल्या पूजा सावंतची दमछाकही खोटी वाटत नाही. मुळात विषय स्त्रीभ्रूणहत्येचा, म्हणजे भूत घरातलंच. फुरियांनीच २०२१ मध्ये यावरून हिंदीत ‘छोरी’ केला, तो उगाच नाही.

भर दुपारची भीती आम्हालाही ठाऊक आहे. आमच्या आंबिवलीतली एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली. तिच्या ओस पडलेल्या कॉलनीवरून दुपारी जाताना खिडकीची कडी वाजली तरी पाय झपझप पडतात. तिथे कुठलं आलंय पार्श्वसंगीत?

त्या वाचकाने ‘लपाछपी’ पुन्हा पाहावा; दुपारी, आवाज कमी ठेवून.

– एक वाचक, आंबिवली (जि. ठाणे)