गिरणेच्या वाळूतील कचेरी
ज्याच्या वडिलांची नोकरी बदलीच्या हुकुमांवर चालते, त्या मुलाचे एकाकीपण कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही; भडगावच्या मामलेदार कचेरीत वडिलांची कारकून म्हणून नेमणूक झाली, तेव्हा आठ वर्षांचा मी गल्लीतल्या मुलांच्या अहिराणीपुढे अगदी मुका होऊन गेलो होतो. उन्हाळ्यात गिरणेचा प्रवाह क्षीण होऊन विस्तीर्ण वाळवंट उघडे पडले की तेथे वाळूचा किल्ला रचून, चिंचोक्यांची फौज मांडून, बाभळीच्या शेंगांचा खजिना तिच्या पहाऱ्यात ठेवून, मी स्वतःच मामलेदार आणि स्वतःच फिर्यादी होऊन बसे. एके सायंकाळी म्हशी पाण्यावर आणणारा एक मुलगा काठी टेकून उभा राहिला, बराच वेळ निरखून ‘हाई काय शे भो?’ असे त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता केळीच्या सोपटाची नाव करून माझ्या खंदकात सोडली. दुसऱ्या दिवशी तो आणखी तिघांना घेऊन आला. साऱ्याच्या वसुलीवरून आमचे कडाक्याचे भांडण झाले, आणि त्या भांडणातच मी अहिराणी शिकलो. (याच जिल्ह्यातील धरणगावी १८९० साली जन्मलेल्या बालकवींचे वडीलही पोलीसखात्यात, म्हणजे बदल्यांचेच धनी होते; निर्झराशी सख्य जोडणारा तो कवी मला तेव्हापासून फार जवळचा वाटतो.) आषाढात नदीला पहिला पूर आला, तेव्हा आमची कचेरी, फौज आणि खजिना वाहून जाताना आम्ही पाचही जण काठावर, एकमेकांचे हात घट्ट धरून, उभे होतो.