वारसा दुनळीचा, जबाबदारी कुणाची?

खंडेनवमीला मावळातल्या जुन्या घरांत कोयता, विळा, नांगराचा फाळ मांडून पूजा होते. काही घरांत त्या ओळीत एक बंदूकही असते. तिला हळदकुंकू लागते, फूल वाहिले जाते आणि ती पुन्हा वर्षभर कपाटात जाते. ज्याच्या नावावर परवाना, तो म्हातारा होतो, एक दिवस जातो, आणि मग घरात प्रश्न उभा राहतो : हिचे करायचे काय?

आमच्या घरात हा प्रश्न सध्या आहे. बेडशाच्या शिवारात आमची भातखाचरे आहेत, वर डोंगरात सातवाहनकालीन लेणी आणि खाली पवनेचे खोरे. आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअरची दुनळी चुलत्यांच्या नावावर आहे. तात्यांनी सत्तरी ओलांडली. त्यांचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "तात्या, ही जुनी देऊन टाका, चांगली रायफल घेऊ." तात्यांचे उत्तर एवढेच : "रायफल घेऊन मारणार काय रे?"

शिकार संपली, परवाना राहिला

तात्यांचा प्रश्न बिनतोड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच मोडीत काढले. साहेबाच्या आणि संस्थानिकांच्या काळातला शिकारीचा शौक आपल्या देशात कायद्याने संपलेला आहे. तेव्हा 'शिकारीची रायफल कोणती चांगली' ही चर्चा अमेरिकेतल्या घरात शोभेल, मावळात नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. आपल्याकडे नागरिकांना मिळणारी .३१५ ची रायफल इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. तिची गोळी किलोमीटरभर अंतर सहज कापते. बारा बोअरच्या छऱ्यांचा जोर त्यामानाने फार लवकर ओसरतो. आजोबांच्या काळी शिवारापलीकडे रान होते. आज तिथे बंगले आहेत, धरणाकाठचे तंबू आहेत, लेणी पाहायला निघालेली पोरेबाळे आहेत. अंधारात डुकरावर झाडलेली आणि चुकलेली गोळी कुठे जाऊन थांबेल, हे कोण सांगणार? शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमातही पीकसंरक्षणासाठी आधी नाव येते ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. हा क्रम शहाणपणाचा आहे.

पीक उभे, बंदूक ठाण्यात

मग जुनी बंदूक तरी कामाची आहे का? इथे शेतकऱ्याची बाजू नीट ऐकली पाहिजे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेले इंद्रायणी भात आज या तालुक्याची ओळख आहे. ते दाण्यावर आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर लोळवतो. पण बंदूक हाती आहे म्हणून डुक्कर मारता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आले आहे. पिकाला उपद्रव देणारे जनावर मारायचे तर वन खात्याचा लेखी आदेश लागतो. म्हणजे दुनळीचा उपयोग उरला तो मुख्यतः आवाजाचा.

त्यातही एक गंमत आहे. विधानसभेचे मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. नेमके हे दिवस भात पिकण्याचे आणि कापणीचे. आचारसंहिता लागली की परवान्यांची छाननी होते आणि अनेकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. कोकणातले बागायतदार याविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. छाननी समितीने प्रत्येक परवाना स्वतंत्रपणे तपासावा, सरसकट जमा करून घेऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

परंतु ज्याची बंदूक गेली त्याने कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडावा, हे त्याहून भयंकर. त्या तारेला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. हलक्या झटक्याचे सौर कुंपण, गावकीने मिळून केलेली राखण आणि नुकसानीचा वेळेवर पंचनामा हे मार्ग बंदुकीपेक्षा अधिक भरवशाचे आहेत. तिथे सरकार आणि गाव दोघेही कमी पडतात, म्हणून माणसाचा हात बंदुकीकडे जातो.

वारस कोण?

राहता राहिला वारशाचा प्रश्न. जमिनीचे वाटे पडतात, बंदुकीचे पडत नाहीत. परवानाधारक गेल्यावर वारसांनी विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. 'आजोबांची आठवण' म्हणून माळ्यावर ठेवणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या नियमांनी एक चांगली सोय केली : धारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर तो हयात असतानाच वारसाला परवाना मागता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली, वारशाने आलेलीही त्यातच धरली. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीतले.

माझे मत मी घरात सांगितले, तेच इथे मांडतो. रायफल नको. दुनळी ठेवायची असेल तर ती बेडशात राहून शेती करणाऱ्या पुतण्याच्या नावे व्हावी. त्याने प्रशिक्षण घ्यावे, काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत आणि किल्ली पोराटोरांच्या हाती लागू देऊ नये. त्याला ही जोखीम नको असेल, तर आपण शहरातल्यांनी केवळ घराण्याच्या मानासाठी तिच्यावर हक्क सांगू नये. रीतसर जमा करावी किंवा विक्रेत्यामार्फत विकावी. आजोबांनी बंदूक मिरवायला घेतली नव्हती, पीक राखायला घेतली होती. पीक आजही राखायचे आहे. वारसा त्या कामाचा आहे, आणि ते काम जो करील त्यानेच बंदुकीचे काय करायचे ते ठरवावे. तात्यांच्या सहीला अजून अवधी आहे. मात्र तो फार नाही, हे आपल्यासारख्या प्रत्येक घराने ध्यानात घ्यावे.