उपकेंद्राची जागा आधी राखा

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर किंवा मोदी नंबरच्या गल्ल्यांत सायंकाळी दिवे लागले म्हणजे त्यांचे श्रेय आपण कोराडी आणि खापरखेड्याच्या उंच धुराड्यांना देऊन मोकळे होतो. परंतु त्या वीजकेंद्रांतून निघालेली शक्ती आपल्या उंबरठ्यापर्यंत सुरक्षित पोचविणारी जी उच्चदाब उपकेंद्रे, त्यांची कदर नगररचनेच्या दप्तरात व्हावी तितकी होत नाही, अशी माझी स्पष्ट तक्रार आहे.

वीज दूरवर न्यावयाची तर दाब चढवावा लागतो, कारण दाब चढला की तीच शक्ती कमी प्रवाहाने वाहते आणि तारा तापून होणारा नाश घटतो. म्हणून 400 वा 220 केव्हीने आलेली वीज पुढे 132, 33 आणि 11 अशा पायऱ्या उतरत अखेर घरात 230 व्होल्टने शिरते. पण दाब उतरविला की उपकेंद्राचे काम संपले, असे मात्र नाही. वाहिनीवर दोष उद्भवताच रिलेने तो हेरावा, ब्रेकरने निमिषार्धात ती वाहिनी तोडावी आणि उरलेल्या वाहिन्यांनी भार उचलावा, हा सगळा बंदोबस्त तेथेच असतो. गिट्टी अंथरलेल्या आवारात ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडू लागली की ती ओलावा शोषून थकली, आता बदलली पाहिजे, हे यंत्रचालकाने वेळीच ओळखावे लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, घरोघरचे कूलर रात्रभर चालतात, आणि एरवी रात्री थंड होणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला तेवढीही उसंत मिळत नाही.

वीजकेंद्रे उशाशी आहेत म्हणून नागपूरने निश्चिंत राहावे, हा समज घातक आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा–पडघे परिसरातील 400 केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसारख्या तालेवार शहरातील लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. देशात त्या दिवशी विजेचा दुष्काळ नव्हता, ती शहरात शिरण्याच्या वाटा तेवढ्या तुटल्या होत्या. याच पडघ्याला आपल्या चंद्रपुराहून 752 किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी 1999 पासून जोडलेली आहे, यावरून प्रांताच्या एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाला किती उपकेंद्रांच्या भरवशावर पोचते, याची कल्पना यावी.

आणि आपण काय करतो? आधी अभिन्यास मंजूर होतो, भूखंड विकले जातात, मजल्यावर मजले चढतात आणि मग उपकेंद्रासाठी जागेची दरखास्त फिरू लागते. ती मिळते तेव्हा शेजारी विरोधाला उभे राहतात, तो विरोध सर्वस्वी निराधार असतो असेही मला म्हणावयाचे नाही. उच्चदाब तारांखाली घरे उठू दिल्याचे परिणाम नागपूरने मुलांच्या मृत्यूच्या रूपाने भोगले आहेत, आणि 2017 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्या प्रश्नात लक्ष घालावे लागले. ज्या तारांखाली घर नसावे त्यांचा पट्टा नकाशावर आधीच आखला असता, तर ही पाळी आली नसती.

म्हणून विकास आराखड्यात पाण्याच्या टाकीइतक्याच आग्रहाने उपकेंद्राची जागा आणि वाहिन्यांचा पट्टा राखून ठेवावा, आणि त्याशिवाय अभिन्यासाला मंजुरी देऊ नये. सीताबर्डीसारख्या दाट वस्तीत मोकळे आवार मिळणे दुरापास्त असेल, तर बंदिस्त नळ्यांत वायू भरून सारी यंत्रणा थोडक्या जागेत बसविणारे वायुरोधित उपकेंद्र उभारावे. ते महाग पडते हे खरे, पण तो खर्च आजच अंदाजपत्रकात धरण्याची तजवीज महापालिका आणि महापारेषण यांनी एकत्र बसून केली पाहिजे.