निकाल हवा, सोबत नको



हिवाळ्यात हायस्कूलच्या प्रवेशाची पत्रे यायला लागली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "ताई, तुमची मुलगी कॅथलिक शाळेत आहे ना? आम्हीही विचार करतोय." मग ठरलेले तीन प्रश्न. पहिला, निकाल कसे आहेत? दुसरा, धर्माच्या तासाला नाही बसवलं तर चालतं का? तिसरा प्रश्न आवाज जरा खाली आणून येतो, "आणि मुलं कशी असतात हो तिथली?" ह्या 'कशी'चा अर्थ मी तुम्हाला सांगायला नको. काळी मुले किती, मेक्सिकन किती, फी माफ असलेली किती, हेच त्यात विचारलेले असते.

तिन्ही प्रश्न शेजारी ठेवले की आपले मागणे स्पष्ट होते. शाळेचा निकाल हवा, शाळेतली माणसे नकोत. हे मागणे अन्यायाचे आहे असे मी म्हटले तर काहीजण मला भाबडी ठरवतील. म्हणून आधी एवढेच दाखवते की ते आकड्यांच्या हिशेबातही बसत नाही.

शिक्षणाचे समाजशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. पण आकडे तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय असल्यामुळे मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मूळ संशोधन काढून वाचले. जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली गोळा झालेली सुमारे ५८ हजार अमेरिकन हायस्कूल विद्यार्थ्यांची माहिती तपासली आणि १९८२ साली निष्कर्ष मांडला की कॅथलिक शाळांतली मुले सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे आहेत. त्यावर मोठे वादळ उठले. आक्षेप रास्त होता. जे पालक शोधून, पैसे भरून शाळा निवडतात त्यांची मुले मुळातच पुढची असणार. त्यात शाळेचे कर्तृत्व किती?

कोलमन यांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. दहावी ते बारावी या काळात शाळा सोडून देणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकारी शाळांत सुमारे १४ टक्के होते, कॅथलिक शाळांत साडेतीनही नव्हते. आणि इतर खाजगी शाळांत? सुमारे १२ टक्के! म्हणजे तिथेही पालक निवडक आहेत, फी आहे, तरी मुले गळतातच. घरची परिस्थिती हिशेबात धरूनही फरक राहिला. त्यांचे स्पष्टीकरण असे, की कॅथलिक शाळेभोवती एकमेकांना ओळखणाऱ्या घरांचे जाळे असते. एखादा मुलगा चार दिवस दिसला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येते, आणि ते कुणीतरी त्याच्या घरी कळवते. याला त्यांनी सामाजिक भांडवल म्हटले.

१९९३ साली ब्राइक, ली आणि हॉलंड यांनी या शाळांत प्रत्यक्ष जाऊन आणखी एक कारण पुढे आणले. तिथे विषयांची निवड मर्यादित असते. डॉक्टरचा मुलगा असो की सफाई कामगाराचा, बीजगणित, विज्ञान आणि भाषा यांचा बराचसा अवघड अभ्यास सगळ्यांना करावा लागतो. त्यामुळे श्रीमंत आणि गरीब घरांतल्या मुलांमधले अंतर तिथे कमी राहते.

आता आपल्याला न आवडणारी गोष्ट. २००५ साली ऑल्टनजी, एल्डर आणि टेबर या अर्थशास्त्रज्ञांनी पालकांच्या निवडीचा प्रश्न नेटाने हाताळला. हायस्कूल पूर्ण करण्याच्या बाबतीत त्यांना कॅथलिक शाळेचा ठळक परिणाम दिसला. परीक्षेतल्या गुणांबाबत मात्र फारसा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे बघा, आपण ज्यासाठी पैसे मोजतो, ते वाढीव गुण, तेच पुराव्यात सगळ्यात कच्चे आहे. जे पक्के आहे ते म्हणजे मागे पडणाऱ्या मुलाला धरून ठेवणे. आणि तुमच्या-माझ्या घरचे मूल हायस्कूल सोडून देण्याच्या बेतात आहे का? नाही. ह्या शाळांची खरी कमाई ज्या मुलांमध्ये दिसते, नेमकी तीच मुले आपल्याला शेजारच्या बाकावर नको आहेत.

सेवेच्या तासांचे घ्या. बहुतेक कॅथलिक हायस्कुलांत मुलांनी ठरावीक तास समाजसेवा करावी अशी अट असते. अन्नछत्रात वाढणे, वृद्धाश्रमात जाणे, लहान मुलांचा अभ्यास घेणे. हेतू हा, की आपल्यापेक्षा वेगळे जगणाऱ्या माणसाशी गाठ पडावी. आपण काय करतो? मंडळाच्या गणपतीत पार्किंगला उभे राहिल्याचे वीस तास अध्यक्षकाकांकडून सही करून घेतो! मुलाचा कागद भरतो, आणि त्याला एकही नवा माणूस भेटत नाही.

तीच गोष्ट धर्माच्या तासाची. मी नास्तिक आहे. गर्भपात, स्त्रियांचे पौरोहित्य, समलिंगी विवाह यांवरची चर्चची भूमिका मला मान्य नाही, आणि माझी मुलगी वर्गात तसे बोलते. पण त्याच तासाला तिने हेही वाचले की १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या संघटनेच्या आणि न्याय्य मजुरीच्या हक्काची बाजू घेतली होती. आपल्या किती घरांत जेवताना हा विषय निघतो? शिवाय कॅथलिक म्हणजे कुणीतरी परके, हे आपल्याला कुणी शिकवले? वसईचे कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीलाही धर्मावरून विरोध झालाच होता.

मी ह्या शाळांची आरती ओवाळत नाही. २००२ साली बॉस्टनमध्ये उघड झालेले मुलांच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण आणि ते वर्षानुवर्षे दडपणारे धर्माधिकारी विसरता येणार नाहीत. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे गुन्हाही एकमेकांत झाकला जातो. आणखी एक सत्य असे, की हा सगळा डोलारा हजारो नन्सच्या जवळजवळ फुकट श्रमावर उभा होता. १९५०च्या सुमारास बहुतांश शिक्षक नन्स, ब्रदर्स आणि पाद्री होते; आज ते शंभरात तीनही नाहीत. पगारी शिक्षक आले, फी वाढली, मध्यमवर्ग उपनगरांत गेला. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत मिळून ५० लाखांहून अधिक मुले होती. आता सुमारे १७ लाख उरली आहेत. शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कितीतरी शाळा बंद झाल्या.

आपण ह्या गोष्टीत शिरतो ते इथे. ज्या शाळा तगल्या त्यांतल्या अनेकींना आता पूर्ण फी भरणारे पालक हवे आहेत, आणि ते आपण आहोत. त्यामुळे आपण जे मागू त्याला वजन आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या काही भारतीय पालकांनी शाळेकडे अर्ज केला. हुशार मुलांची गणित आणि विज्ञानाची तुकडी पहिल्या वर्षापासून वेगळी करा, नाहीतर आम्ही दुसरी शाळा बघू. अर्ज माझ्याकडेही आला. मी सही केली नाही, पण उठून विरोधही केला नाही. आज लिहिते आहे ते त्या गप्प बसण्याची बोच आहे म्हणून. तुकडी वेगळी झाली, की ज्या सामाईक अभ्यासक्रमाने अंतर कमी होत होते तोच गेला. मग उरतो गणवेश आणि भिंतीवरचा क्रूस.

याच्या उलट दिशेनेही जाता येते. १९९६ साली जेझुइटांनी शिकागोत क्रिस्तो रे नावाचे हायस्कूल सुरू केले. आता देशभर तशा अनेक शाळा आहेत. तिथली मुले महिन्यातून साधारण पाच दिवस कार्यालयांत काम करून आपल्या शिक्षणाचा बराच खर्च भागवतात. प्रवेश फक्त कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना. माझ्या मुलीला तिथे घेणार नाहीत. आमचे उत्पन्न जास्त आहे. ते वाचून मला बरे वाटले.

आपण स्वतःला फुल्यांचे वारस म्हणवतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हीच तक्रार मांडली होती, की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि वरून खाली ज्ञान पाझरेल हे आश्वासन पोकळ आहे. अकरा एप्रिलला हॉल भाड्याने घेऊन त्यांच्यावर भाषणे करायची, आणि बारा एप्रिलला वेगळ्या तुकडीच्या अर्जावर सही करायची, हे यापुढे चालू नये.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. मूल कॅथलिक शाळेत घाला किंवा सरकारी शाळेत, मला फरक पडत नाही; एकमेकांना ओळखणे आणि सगळ्यांना तोच अवघड अभ्यास देणे ही काही चर्चची मालमत्ता नाही. पण जिथे घालाल तिथे पुरते घाला. सेवेचे तास खरोखर अन्नछत्रात होऊ द्या. फीमाफीच्या निधीला दरवर्षी काही द्या. मुलाच्या वर्गातल्या पाच घरांशी ओळख करून घ्या, आणि त्यांतली निदान तीन भारतीय नसू द्या. आणि वेगळ्या तुकडीचा अर्ज फिरत आला तर सही करू नका. माझ्यासारखे गप्पही बसू नका.